पंच नसलेला खेळ

गावच्या मैदानावर सामना असला म्हणजे सर्वांत अवघड काम कोणाचे, असे कोणी विचारल्यास आम्ही क्षणाचाही विलंब न लावता सांगू, की ते पंचाचे. गोलंदाज थकतो, फलंदाज बाद होतो, गोलरक्षक धुळीने माखतो. पण शिव्या खातो तो पंच. दोन वाड्यांमध्ये फुटबॉलचा सामना झाला आणि शिट्टी कोणाच्या बाजूने वाजली यावरून पुढे कित्येक महिने त्या वाड्यांतील माणसे एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत, असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. वाचकांपैकी पुष्कळांनी तेही पाहिले असतील.

पंच हवाच, असे आपण धरून चालतो. पंच नसेल तर मुले एकमेकांची डोकी फोडतील, अशी आपली खात्री असते. म्हणून जगात असा एक खेळ आहे, की ज्याच्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातही निर्णय देणारा पंच नसतो, हे ऐकल्यावर प्रथम हसूच येते. पण ही गोष्ट खरी आहे. तो खेळ पंडितांनी काढलेला नाही, सरकारने काढलेला नाही. शाळेत जाणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी काढलेला आहे. त्याचे नाव ‘अल्टिमेट’. फिरत्या तबकडीने, म्हणजे आपल्याकडील शहरी मुले जिला फ्रिस्बी म्हणतात तिने, तो खेळतात. ज्यांच्या घरी वाढत्या वयाची मुले-मुली आहेत, अशा आईबापांनी ह्या खेळाची हकीकत जाणून घ्यावी असे वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

खेळ कसा खेळतात

मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही टोकांना अठरा अठरा मीटरांचा एकेक पट्टा आखलेला असतो. प्रत्येक बाजूस सात खेळाडू. आपल्याच गड्याने फेकलेली तबकडी समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली, की एक गुण. सर्वसाधारणपणे जो संघ आधी पंधरा गुण मिळवील तो जिंकला.

इतके ऐकून हा फुटबॉलचा भाऊच आहे असे वाटेल. परंतु एका नियमाने सारे चित्र पालटते. ज्याच्या हाती तबकडी आहे त्याने धावावयाचे नाही. एक पाय जमिनीत रोवून त्याने उभे राहावयाचे व दुसऱ्या पायावर इकडेतिकडे झुकून आपल्या गड्याला तबकडी पोचवावयाची. समोर प्रतिपक्षाचा एक गडी त्याला अडवावयास उभा असतो व तो मोठ्याने एक ते दहा अंक मोजतो. दहा म्हणेपर्यंत तबकडी हातातून सुटली नाही तर ती दुसऱ्या पक्षाची झाली. तबकडी जमिनीवर पडली, रेषेबाहेर गेली किंवा मध्येच कोणी हिसडली, तरीही दुसऱ्या पक्षाची. एकमेकांस ढकलणे, पाडणे, अंगावर जाणे यांस मुळीच परवानगी नाही.

ह्या नियमाचा परिणाम पाहा. एकटा कितीही बळकट असो, चपळ असो, तो एकटा एक गुणही करू शकत नाही. फुटबॉलमध्ये एखादा पटाईत गडी चार जणांना चकवून स्वतःच गोल करून येतो. येथे ती सोयच नाही. तबकडी हाती येताच राजाही जागच्या जागी थांबतो आणि मग बाकीच्या सहांनी धावून त्याला वाट करून द्यावी लागते. आपणांस मिळालेले लगेच दुसऱ्याच्या हवाली करणे, हेच ह्या खेळाचे कौशल्य.

आणि तबकडी तरी कशी? वजन १७५ ग्रॅम, व्यास सुमारे सत्तावीस सेंटिमीटर. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो आणि गती संपताच कलंडतो, हे कोणत्या मुलाला ठाऊक नाही? तबकडीचेही तसेच. मनगटाच्या झटक्याने तिला जितकी गिरकी द्यावी तितकी ती हवेत समतोल राहते; आणि तिच्या फुगीर पाठीवरून वाहणारा वारा विमानाच्या पंखाप्रमाणे तिला वर उचलून धरतो. म्हणूनच ती चेंडूसारखी धपकन खाली येत नाही, घारीसारखी तरंगत येते. जोर कमी लागतो, युक्ती अधिक. दंड भरलेला जवान जिला वेडीवाकडी फेकतो, तीच तबकडी बारा वर्षांची मुलगी सरळ पन्नास पावलांवर पोचविते, असे दृश्य ह्या खेळात नवलाचे नाही.

तबकडीची कुळकथा

अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या घराण्याचा भाजलेल्या गोड पक्वान्नांचा कारखाना होता. त्या पक्वान्नांच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या फेकून झेलण्याचा चाळा जवळपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना लागला, असे सांगतात. तिकडे कॅलिफोर्नियात वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन नावाचा एक तरुण १९३०च्या दशकाच्या अखेरीस समुद्रकिनाऱ्यावर केकचे पत्रे असेच फेकीत असता, ‘हा आम्हांस विकत द्याल काय?’ असे लोक विचारू लागले. पाच सेंटांचा पत्रा पंचवीस सेंटांस खपतो हे पाहून त्याच्या डोक्यात व्यापाराची कल्पना आली. पुढे महायुद्ध झाले, प्लास्टिक आले, आणि मॉरिसनने प्लास्टिकची तबकडी बनविली. १९५७ साली वॅम-ओ नावाच्या खेळण्यांच्या कंपनीने ती बाजारात आणली आणि त्याच वर्षी तिला फ्रिस्बी हे नाव दिले. १९६०च्या दशकात त्याच कंपनीतील एड हेड्रिक याने तिच्या पाठीवर गोल वळ्या काढून तिचे उड्डाण अधिक स्थिर केले. मुलांचे खेळणे होते, ते खेळाचे साधन झाले.

फ्रिस्बी हे नाव व्यापारी मालकीचे असल्यामुळे खेळाच्या नियमपुस्तकांत ते सहसा येत नाही. तेथे नुसते ‘अल्टिमेट’ म्हणतात. ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘ज्याच्या पलीकडे काही नाही असा’. नाव ठेवणारी मुले होती, तेव्हा एवढी बढाई क्षम्य मानावी.

मेपलवुडची मुले

न्यू जर्सी राज्यात मेपलवुड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कोलंबिया हायस्कूलमध्ये १९६८ साली जोएल सिल्व्हर नावाचा सोळा वर्षांचा मुलगा शिकत होता. त्या उन्हाळ्यात एका शिबिरात जॅरेड कॅस नावाच्या तरुणाकडून तबकडीचा एक सांघिक खेळ तो शिकला होता. शाळा उघडल्यावर विद्यार्थी-परिषदेच्या बैठकीत त्याने, हा खेळ शाळेत सुरू करावा अशी सूचना मांडली. ती त्याने निम्मी थट्टेने मांडली आणि परिषदेनेही थट्टेनेच मंजूर केली. परंतु थट्टेत पेरलेले बी कधी कधी खरोखर उगवते. विद्यार्थी-परिषदेची मुले एका बाजूस आणि शाळेच्या वृत्तपत्राची मुले दुसऱ्या बाजूस, असा सामना झाला. आणि मग रोज संध्याकाळी हाच उद्योग.

मैदान कोठले? शाळेजवळची मोटारी उभ्या करण्याची डांबरी जागा. तेथे दिवे होते, म्हणून अंधार पडल्यावरही खेळता येई. जागेच्या कडा त्याच मैदानाच्या रेषा. जितकी मुले येतील तितक्यांचे दोन संघ. शिक्षक नाही, गणवेश नाही, शिट्टी नाही. त्या जागी आज एक फलक लावलेला आहे आणि हा खेळ येथे जन्मला असे त्यावर नोंदविले आहे.

सिल्व्हर, बर्नार्ड हेलरिंग (त्याला सारे ‘बझी’ म्हणत) आणि जॉन हाइन्स, ह्या तिघांनी मिळून खेळाचे नियम लिहून काढले, सुधारले, पुन्हा लिहिले. १९७० साली शेजारच्या मिलबर्न गावच्या शाळेशी त्यांचा पहिला आंतरशालेय सामना झाला आणि कोलंबियाच्या मुलांनी तो ४३ विरुद्ध १० असा जिंकला. नंतर ही मुले शाळा संपवून निरनिराळ्या महाविद्यालयांत पांगली आणि प्रत्येकाने आपल्याबरोबर नियमांचे कागद आणि एक तबकडी नेली. ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन विद्यापीठांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. बरोबर एकशे तीन वर्षांपूर्वी, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, त्याच ठिकाणी त्याच दोन संस्थांमध्ये अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा सामना झाला होता. तेव्हा रटगर्सने दोन गोलांनी विजय मिळविला होता; ह्या वेळीही रटगर्स दोनच गुणांनी, २९ विरुद्ध २७, जिंकले.

तो सामना पाहावयास बझी हेलरिंग नव्हता. १९७१ साली मोटारीच्या अपघातात त्याचा अंत झाला होता. ज्या पोराने मित्रांसोबत बसून खेळाचे कायदे लिहिले, त्याला आपल्या खेळाचा शाळेबाहेरचा विस्तार पाहता आला नाही. सिल्व्हर पुढे चित्रपटनिर्माता म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. एकाला दीर्घ आयुष्य, कीर्ती, धन. दुसऱ्याला विशीदेखील नाही. पण आज जगात जेथे जेथे हा खेळ चालतो तेथे दोघांचेही नाव सारख्याच आदराने घेतले जाते. लहानपणी केलेले काम लहान असतेच असे नाही, हे आपल्या मुलांना सांगण्याजोगे आहे.

निवाडा कोणी करावयाचा?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. डांबरी जागेवर खेळणाऱ्या त्या मुलांपाशी पंच नव्हता, म्हणून त्यांनी आपले निवाडे आपणच केले. पुढे खेळ वाढला. १९८३ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९८५ साली जागतिक महासंघ स्थापन झाला. २००१ साली जपानमधील अकिता येथील ‘वर्ल्ड गेम्स’मध्ये ह्या खेळाला स्थान मिळाले. २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघाला पूर्ण मान्यता दिली. एवढा पसारा झाल्यावर पंच नेमता आले असते. पैसाही मिळाला असता. परंतु महासंघाने मूळची रीत सोडली नाही. मैदानावर जे खेळतात तेच निर्णय करतात.

ते कसे, हे थोडे तपशिलाने सांगतो. समजा, झेल घेताना कोणी आपल्या हातावर मारले असे एका मुलीला वाटले. ती तेथल्या तेथे ‘फाउल’ असे मोठ्याने म्हणते. हे म्हणण्याचा अधिकार फक्त तिचा. तिच्या संघनायकाचा नाही, बाहेर उभ्या असलेल्या शिक्षकाचा नाही, बापाचा तर नाहीच नाही. खेळ थांबतो. ज्याच्यावर आरोप झाला तो स्वतःला विचारतो : मी मारले काय? मारले असेल तर ‘होय’ म्हणतो आणि तबकडी तिला मिळते. आपण मारले नाही असे त्याला मनापासून वाटत असेल, तर तसे सांगतो. दोघे आपापले म्हणणे शांतपणे, थोडक्यात मांडतात. जवळच्या कोणी नीट पाहिले असेल तर त्याला विचारतात. एकमत झाले तर ठीक. न झाले, तर तबकडी जिने आधी फेकली होती तिच्याकडे परत जाते आणि तो डाव पुन्हा खेळतात. कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. भांडण मिटले नाही, तरी खेळ पुढे जातो.

ह्या वृत्तीस इंग्रजीत ‘स्पिरिट ऑफ द गेम’ म्हणतात. आपण खिलाडूवृत्ती म्हणतो ती ह्यात आहेच. पण येथे ती शोभेची वस्तू नाही, नियमपुस्तकाचा पाया आहे. सामना संपल्यावर प्रत्येक संघ दुसऱ्या संघाला वर्तनाचे गुण देतो. नियमांचे ज्ञान व त्यांचा वापर, अंगाला अंग न लावणे, न्यायबुद्धी, प्रसन्नता व मनावरचा ताबा, आणि बोलण्याची रीत, अशा पाच बाबींत प्रत्येकी शून्य ते चार गुण. जिंकलेल्या संघास एक बक्षीस असते, तसे सर्वांत चांगल्या वागणुकीच्या संघास दुसरे असते. सामन्यानंतर दोन्ही संघ एकाच कड्यात, एकाआड एक, खांद्यावर हात टाकून उभे राहतात आणि कोणाचे काय आवडले, काय खटकले, ते तोंडावर सांगतात. पाठीमागे बोलण्यास जागाच उरत नाही.

आमच्या मते हे मोठे शिक्षण आहे. क्रिकेटच्या सामन्यात बॅटीची कड चेंडूला लागली, झेल घेतला गेला. फलंदाजाला पक्के ठाऊक आहे, पण पंचाने बोट वर केले नाही म्हणून तो मख्ख उभा राहतो. आणि आपण मोठी माणसे काय म्हणतो? ‘पोरगा हुशार आहे!’ त्या एका वाक्याने आपण मुलाला काय शिकवितो, याचा विचार कोणी करीत नाही. जोवर दुसऱ्याने पकडले नाही तोवर आपण निर्दोष, हाच तो धडा. पुढे हाच मुलगा तराजू हाती धरतो, पंचायतीत बसतो, कचेरीत नोकरीस लागतो. तेथेही त्याची नजर पंचाकडेच असते : बोट वर होते की नाही? पंच नसलेल्या खेळात मात्र मुलाला नजर आत वळवावी लागते. तेथे प्रश्न ‘त्याने पाहिले काय?’ असा नसून ‘मी केले काय?’ असा असतो. हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय ज्याला लहानपणी लागली, त्याच्या आईबापांनी स्वतःला भाग्यवान समजावे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

शहाणा वाचक येथे म्हणेल : हे सारे छान, पण लबाड मुलगा ह्या खेळात मजाच करील. आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. लबाडाला थोडा फायदा होतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो फायदा फार मोठा नाही. कारण मतभेद झाला तर डाव पुन्हा होतो, गुण आपोआप पदरात पडत नाही. शिवाय सामना संपल्यावर वर्तनाचे गुण द्यावयाचे असतात आणि दर वेळी खोटे बोलणारा आपल्याच संघाला खाली आणतो. तेव्हा त्याचे मित्रच त्याला सरळ करतात. तरीही, खोटे बोलणारा मुलगा ह्या खेळाने एका दिवसात खरे बोलू लागतो, असे कोणी समजू नये. खेळ ही सवयीची शाळा आहे. सवय हळूहळूच लागते.

दुसरा आक्षेप असा, की पैसा आला की हे तत्त्व टिकत नाही. ह्यातही तथ्य आहे. अमेरिकेत २०१२ साली ह्या खेळाची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली, तिच्यात पंच नेमण्यात आले. तेथील काही मोठ्या स्पर्धांत, खेळाडूंचे एकमत न झाल्यास मत देणारे निरीक्षकही असतात. आम्हांस त्याचे दुःख वाटत नाही. जेथे तिकिटे विकली जातात तेथे पंच हवा असेल, तर असो. आपला प्रश्न आपल्या गावच्या मुलांचा आहे, आणि तेथे तिकिटाची खिडकी नाही.

आणि खरे म्हणजे ही गोष्ट आपणांस नवीन आहे काय? विटीदांडूला पंच कोण होता? लगोरीला, लपंडावाला, सूरपारंब्यांना पंच कोण होता? गल्लीतली पोरे आपले निवाडे आपणच करीत. ज्याच्यावर राज्य आले तो कुरकुरत का होईना, राज्य घेई. कोणी उगाच हट्ट धरला तर ‘रडीचा डाव’ म्हणून सारे ओरडत आणि त्या दोन शब्दांपुढे भले भले नमत. पाचांमुखी परमेश्वर, ही म्हण आपल्या पोरांनी न शिकता आचरणात आणली होती. मग आपण मोठ्यांनी करंडक आणले, बक्षिसाची पाकिटे आणली, कर्णे आणले, आणि मुलांच्या हातून निवाडा काढून शिट्टीच्या हवाली केला. मेपलवुडच्या मुलांनी केले ते इतकेच, की गल्लीतला तो जुना न्याय त्यांनी कागदावर लिहून ठेवला.

चेन्नईचा किनारा

आपल्या देशात ह्या खेळाने चांगले मूळ धरले ते चेन्नईत. बेझंट नगरच्या समुद्रकिनाऱ्यावर शहरातील नोकरदार व शिकलेली तरुण मंडळी तबकडी खेळू लागली. किनाऱ्याला लागूनच कोळ्यांच्या वस्त्या आहेत. तेथली मुले प्रथम कडेला उभी राहून पाहत; मग पडलेली तबकडी उचलून परत फेकू लागली; मग खेळू लागली. वाळूत अनवाणी धावण्याचा सराव त्यांना जन्मापासूनचा, तेव्हा पाहता पाहता ती पटाईत झाली. इंग्रजी बोलणारा अभियंता आणि मच्छिमाराचा मुलगा एकाच संघात आले. आणि दहा अंक मोजले जात असताना तबकडी फेकावयाची ती कोणाच्या बापाची मिळकत पाहून नव्हे, कोण मोकळा आहे हे पाहून. चेन्नईच्या ‘फ्लाय वाइल्ड’ ह्या संघावर ‘१७५ ग्रॅम्स’ नावाचा एक लघुपट निघाला आणि २०१५ साली अमेरिकेतील सनडान्स इन्स्टिट्यूटच्या लघुपट स्पर्धेत तो गौरविला गेला. ज्यांना जमेल त्यांनी तो मुलांसह अवश्य पाहावा.

मुली व मुलगे एकत्र खेळतात, ही ह्या खेळाची आणखी एक विशेष गोष्ट. मिश्र सामन्यात सातांपैकी चार एका गटाचे व तीन दुसऱ्या गटाचे असावे लागतात. म्हणजे मुलींना ‘संख्या भरावयास’ घेत नाहीत, त्यांच्याविना संघ उभाच राहत नाही. आमच्या माताभगिनींच्या मनात येथे शंका येईल, हे आम्ही जाणतो. मुलगी मोठी झाली, आता तिने मैदानावर मुलांबरोबर धावावे काय? आम्ही एवढेच सांगू, की ज्या खेळात अंगाला हात लावणे हाच अपराध, आणि ज्यात मुलीने ‘फाउल’ म्हटल्याबरोबर सारे मैदान थांबून तिचे म्हणणे ऐकून घेते, तो खेळ मुलीला निर्भयपणे ‘नाही’ म्हणण्यास शिकवितो आणि मुलाला ते ऐकून घेण्यास शिकवितो. हे शिक्षण संसारात उपयोगी पडणार नाही काय? कोणाला तरीही संकोच वाटत असेल, तर मुलींचे संघ वेगळे करावेत. खेळ तोच राहतो.

आपल्या गावी सुरुवात कशी करावी

खर्च म्हणाल तर एका तबकडीचा. मात्र ती १७५ ग्रॅमांची, खेळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेली असावी. जत्रेत मिळणारी हलकी खेळणी वाऱ्यावर भरकटतात आणि मुलांचा विरस होतो. रेषा फक्कीने आखाव्या. फक्की नसेल तर चपला मांडाव्या. शंभर मीटरांचे मैदान नसले तरी अडत नाही. सुगीनंतर मोकळे झालेले शेत, शाळेचे अंगण, कोठेही पाच-पाच जणांचे संघ करून खेळता येते. विहिरीजवळ व रस्त्यालगत मात्र खेळू नये. गोव्यातील आमच्या वाचकांना तर किनारा आहेच. वाळूवरचा खेळ पाच-पाच जणांचा असतो आणि त्याचे मैदान ७५ मीटर लांब व २५ मीटर रुंद, टोकांचे पट्टे पंधरा पंधरा मीटरांचे.

पहिला आठवडाभर सामना घेऊच नये. दोघादोघांनी दहा पावलांवर उभे राहून नुसती फेक व झेल करावी. अंगठा वर, बोटे खाली, आणि जोर दंडाचा नव्हे, मनगटाचा. झेल घेताना टाळी वाजविल्याप्रमाणे दोन्ही तळहातांत तबकडी धरावी. वारा पडलेल्या वेळी, सकाळी लवकर किंवा दिवस कलताना, सराव करावा. मग नियम वाचून दाखवावे आणि मुलांकडून पाठ करून घ्यावे. कारण ज्याला कायदा ठाऊक नाही त्याला न्याय करता येत नाही. थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे.

आणि शेवटची सूचना आम्हां मोठ्यांसाठी. सर्वांत कठीण ती हीच. सामना चालू असता आपण रेषेबाहेर बसावे आणि गप्प बसावे. टाळ्या वाजवाव्या, पाणी द्यावे, गुडघा खरचटला तर औषध लावावे. पण ‘आउट आहे’, ‘लागले नाही’, ‘सोडू नको’ असे एक अक्षर तोंडातून काढू नये. दोन मुले मैदानाच्या मध्यभागी तबकडी धरून उभी असतील, दोघांचे चेहरे लाल झाले असतील, आणि आपल्याला तर स्पष्ट दिसले असेल की चूक कोणाची. तेव्हाही बोलू नये. त्या अर्ध्या मिनिटात त्या मुलांच्या मनात जे चालले असते ते आपल्या निर्णयापेक्षा अधिक मोलाचे आहे. त्यांतला एक जण मान खाली घालून ‘होय, लागला माझा हात’ असे म्हणाला, तर सामन्याचा निकाल काहीही लागो, त्या दिवशी घरी गेल्यावर त्याला जवळ घ्यावे आणि शाबासकी द्यावी. आणि नाहीच म्हणाला, तर डाव पुन्हा खेळू द्यावा. उद्या पुन्हा मैदान आहेच.